पूडल : नखरेल दिसणारा पाणकुत्रा

ब्रिटिश राजकारणात कुणाला दुसऱ्याचा 'पूडल' म्हणणं म्हणजे चारचौघांत त्याची लाज काढणं. १९०७ साली लॉइड जॉर्ज यांनी हाउस ऑफ लॉर्ड्सला हुजूर पक्षाचे नेते बाल्फोर यांचा पूडल म्हटलं. पुढे शंभरेक वर्षांनी, इराक युद्धाच्या काळात, टोनी ब्लेअर यांना तेच विशेषण चिकटलं; या वेळी मालक होते जॉर्ज बुश. शेपटीला गोंडा, पायांत गोंडे, डोक्यावर फुगवलेला केसांचा टोप आणि मालक नेईल तिकडे मुकाट जाणारा शोभेचा प्राणी, असं चित्र या शिवीमागे आहे. आपल्याकडेही पूडल म्हटलं की कुठल्या तरी सिनेमातल्या श्रीमंत बाईच्या कडेवरचं कुत्रं डोळ्यांपुढे येतं.

प्रत्यक्षात हा कुत्रा गारठलेल्या तळ्यात उडी टाकून, गोळी लागून पडलेलं बदक तोंडात धरून आणणारा. ज्या केशरचनेपायी त्याची टिंगल होते, तीसुद्धा त्या कामातूनच आली आहे.

दाट कुरळे केस भिजले की किती जड होतात हे केसाळ कुत्र्याला एकदा तरी आंघोळ घातलेल्या माणसाला सांगायला नको. पाण्यात पोहायचं तर मागचे पाय मोकळे हवेत, म्हणून कंबरेपासून मागचा भाग भादरायचा. पण युरोपातल्या हिवाळ्यात सगळंच भादरून टाकलं तर कुत्रा काकडून मरेल. म्हणून छाती आणि फासळ्यांवर आयाळ तशीच ठेवायची आणि पायांच्या सांध्यांवर केसांचे गोंडे राखायचे. पाणकुत्र्यांचा मागचा भाग भादरण्याची पद्धत इंग्लंडमध्ये जुनी आहे; गर्व्हेस मार्कम यांच्या १६२१ सालच्या पक्षी पकडण्यावरच्या पुस्तकात तिची चर्चा आहे. डोक्यावरच्या बटा डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून त्या बांधायच्या, आणि लव्हाळ्यात आपला कुत्रा लांबून ओळखू यावा म्हणून त्यात रंगीत फीत माळायची, असंही सांगतात. पुढे शिकार मागे पडली, कुत्रा दिवाणखान्यात आला आणि गरजेची कापणी फॅशन झाली. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठावर आणि पुलांवर बसून कुत्रे भादरून देणारे कारागीर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात होते. आपल्याकडे वडाखाली बसणाऱ्या न्हाव्यासारखाच त्यांचा धंदा, गिऱ्हाईक तेवढं चार पायांचं.

पूडल जर्मनीचा की फ्रान्सचा हा वाद जुना आहे. मूळ जर्मन प्रदेशातलं असावं असं बहुतेक अभ्यासकांचं मत. पण जगभरच्या श्वानसंघांची शिखर संस्था एफसीआय त्याला फ्रेंच जात मानते, आणि त्याला आजचं रूप फ्रेंचांनी दिलं यात शंका नाही. वाद तिथेच सोडून द्यावा.

आज प्रदर्शनात दिसतो तो 'कॉन्टिनेंटल' कट जुन्या शिकारी कापणीचीच अतिशयोक्त आवृत्ती आहे. मागचे पाय आणि पुठ्ठे वस्तऱ्याने केल्यासारखे गुळगुळीत, कंबरेवर दोन गोल चकत्या, घोट्यांवर गोंडे, पुढे भली मोठी आयाळ. 'इंग्लिश सॅडल' कटमध्ये पुठ्ठ्यांवर आखूड केसांचा थर राहतो. अमेरिकेत मोठ्या वयाच्या पूडलला नेहमीच्या स्पर्धेत उतरवायचं तर या दोनपैकीच एक हवा. ही आयाळ वाढवायला महिनोन्‌महिने लागतात, आणि ती तुटू नये म्हणून मधल्या काळात बटा गुंडाळून, रबर लावून बांधून ठेवतात. न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर स्पर्धेत २०२० साली सिबा नावाची काळी स्टँडर्ड पूडल आणि २०२४ साली सेज नावाची काळी मिनिएचर पूडल सर्वश्रेष्ठ ठरली. सेजला रिंगणात फिरवणारे काझ होसाका यांनीच २००२ साली 'स्पाइस गर्ल' या मिनिएचर पूडलला तोच मान मिळवून दिला होता. घरातल्या पूडलला या सोहळ्याची काडीची गरज नसते. त्याला सर्वांगावर बोटभर केसांचा साधा सारखा कट पुरतो, आणि त्यात तो अधिक देखणा दिसतो असं माझं मत आहे.

केसांखालचा कुत्रा पाहायला हवा. पूडलची उंची आणि लांबी जवळजवळ सारखी असते, त्यामुळे बाजूने तो चौकोनात बसतो. मुस्कट लांब, सरळ, निमुळतं. डोळे बदामी आकाराचे आणि गडद, कान गालांना लागून खाली लोंबणारे, मान ताठ. आणि चाल! पाय जमिनीला टेकतोय न टेकतोय अशी उसळती. या चालीमुळेच तो नखरेल वाटतो. वास्तविक ती चांगल्या खांद्यांची आणि पुठ्ठ्यांची खूण आहे.

आकारांत मात्र लोकांची हमखास गल्लत होते. अमेरिकन केनेल क्लबच्या हिशेबात तीन आकार आहेत : खांद्यापाशी १० इंचांपर्यंत टॉय, त्यापुढे १५ इंचांपर्यंत मिनिएचर आणि त्याहून उंच तो स्टँडर्ड. युरोपात मधला 'मीडियम' धरून चार. जात एकच, मोजपट्टी वेगळी. टॉय दोन-तीन किलोंचा, तर स्टँडर्ड नर तीस किलोंपर्यंत जाणारा, लॅब्रॅडॉरच्या बरोबरीचा कुत्रा. 'टीकप पूडल' नावाचा आकार कुठल्याही मान्यताप्राप्त संस्थेच्या पुस्तकात नाही. तो फक्त विक्रेत्याच्या जाहिरातीत सापडतो, आणि इतकं बारीक पिल्लू म्हणजे बऱ्याचदा आयुष्यभराचं दुखणं विकत घेणं असतं.

रंग काळा, पांढरा, तपकिरी, राखाडी, चंदेरी, जर्दाळू, लाल, मलईसारखा. प्रदर्शनासाठी सर्वांगावर एकच हवा. गंमत अशी की घरी आणलेला रंग टिकेलच असं नाही. चंदेरी पूडल जन्मतः काळाच असतो. काही आठवड्यांचा झाल्यावर त्याचं तोंड आणि पंजे भादरले की मुळाशी फिकट केस दिसू लागतात आणि पुढे वर्ष-दोन वर्षांत अंगभर ती छटा पसरते. गडद लाल आणि जर्दाळू रंगही वयाबरोबर फिके पडतात. लाल रंगासाठी जास्त पैसे मोजणाऱ्यांनी हे आधीच ऐकून ठेवलेलं बरं.

आता केसांचं शास्त्र. २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात कुत्र्यांच्या केसांवरचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. ऐंशीच्या आसपास जातींमधले कुत्रे तपासल्यावर असं दिसलं की केसांतली बहुतेक विविधता अवघ्या तीन जनुकांतून येते. एक जनुक केस लांब करतं, दुसरं कुरळे करतं आणि तिसरं भुवया-मिशांचा झुपका देतं. पूडलमध्ये हे तिन्ही फेरबदल एकत्र आले आहेत. (जनुकांच्या बाबतीत पूडलचा मान तसा मोठाच. कुत्र्याच्या जनुकसंचाचा पहिला कच्चा आराखडा २००३ साली प्रसिद्ध झाला तो शास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या शॅडो नावाच्या स्टँडर्ड पूडलचा.)

बहुतेक कुत्र्यांचे केस ठरावीक लांबी गाठली की वाढायचे थांबतात आणि गळतात. पूडलचा केस माणसाच्या डोक्यावरच्या केसासारखा दीर्घकाळ वाढतच राहतो. गळतो तोही, पण कमी, आणि गळलेला केस सोफ्यावर न पडता शेजारच्या कुरळ्यांत अडकतो. "पूडलचे केस गळत नाहीत" या लाडक्या वाक्याचा खरा अर्थ एवढाच. जो केस इतर घरांत केरात जातो तो इथे कुत्र्याच्या अंगावरच राहतो, आणि तुम्ही तो विंचरून काढला नाही तर त्याच्या जटा होतात. एकोणिसाव्या शतकात काही लोक पूडलच्या अशा जटा मुद्दाम दोरखंडांसारख्या वळून वाढवत. त्या जमिनीपर्यंत लोळत. कुत्र्याला काय वाटत असेल ते विचारू नये.

याच गैरसमजाचा दुसरा भाग म्हणजे 'अॅलर्जी न होणारा कुत्रा'. अॅलर्जी केसामुळे होत नाही. ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते. त्यांतलं मुख्य प्रथिन 'कॅन एफ १'. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ साली अशा तथाकथित निर्धोक जातींच्या केसांतलं आणि त्यांच्या घरांतलं हे प्रथिन मोजलं, तेव्हा ते इतर कुत्र्यांहून कमी असल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट केसांमध्ये ते जास्तच सापडलं. तेव्हा घरात दमेकरी असेल तर जातीच्या नावावर विसंबू नये. त्या विशिष्ट कुत्र्यासोबत काही तास काढून पाहावेत आणि डॉक्टरांशी बोलावं.

लॅब्रॅडूडलची कथा नेमकी इथूनच सुरू होते. १९८९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेकडे हवाई बेटावरच्या एका अंध बाईंची मागणी आली. नवऱ्याला अॅलर्जी, म्हणून चालेल असा कुत्रा हवा. संस्थेतले वॉली कॉन्रन यांनी आधी स्टँडर्ड पूडल आजमावून पाहिले. मार्गदर्शक कुत्र्याला लागणारा शांतपणा त्यांच्यात जमेना, तेव्हा त्यांनी लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लांचे केस आणि लाळ तपासणीसाठी हवाईला धाडली. तिघांपैकी एकाचाच, सुल्तानचा, त्या नवऱ्याला त्रास झाला नाही. एकाच वेताची तीन पिल्लं आणि निकाल वेगवेगळे, यावरूनच शहाण्याने समजायला हवं होतं. लोकांनी समजून घेतलं ते उलटंच. जो तो पूडलशी संकर करून 'डूडल' विकू लागला आणि कॉन्रन यांनी पुढे आपल्या या कामाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला.

केसांची निगा कशी घ्यायची हे वाचून येत नाही, पण काय करायचं हे निदान कळतं. बहुतेक मालक वरवर ब्रश फिरवतात. वरचे केस छान फुलतात, फोटो सुंदर येतो आणि खाली कातडीलगत घोंगडीसारखा थर तयार होत राहतो. तो कुत्रे भादरणाऱ्याच्या, म्हणजे ग्रूमरच्या टेबलावरच उघडकीला येतो आणि मग सगळं भादरण्यावाचून इलाज उरत नाही. योग्य रीत अशी : कुत्र्याला कुशीवर निजवायचं. डाव्या हाताच्या तळव्याने केस वर दाबून धरायचे, म्हणजे खाली गुलाबी किंवा निळसर कातडीची एक आडवी रेघ दिसते. त्या रेघेपासून थोडे थोडे केस खाली सोडत, बारीक वाकड्या तारांच्या स्लिकर ब्रशने हलक्या हाताने विंचरायचे. जोर लावला तर कातडी खरचटते. एक पट्टा झाला की अर्धं बोट वर दुसरी रेघ. असं पोटापासून पाठीपर्यंत चढत जायचं. शेवटी स्टीलचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत ओढायचा. तो अडखळला की तिथे गुंता आहे, ब्रशने कितीही फुललेलं दिसो. ग्रूमर मंडळी याला लाइन ब्रशिंग म्हणतात. कंगवा हा त्यातला परीक्षक.

गुंता होण्याच्या जागा ठरलेल्या : कानांच्या मागे, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत आणि फिरायला नेताना हार्नेस घासतो तिथे. छोटा गुंता बोटांनी पिंजून, मग कंगव्याच्या टोकाने कडेकडेने सोडवावा. कात्री लावू नये. गुंत्यात कातडी ओढली जाऊन दुमडलेली असते आणि ती कात्रीत केव्हा आली हे रक्त दिसेपर्यंत समजत नाही. आणि विंचरण्याआधी आंघोळ कधीही नाही. पाण्याने गुंता आवळून फेल्टसारखा घट्ट बसतो. आधी विंचरायचं, मग आंघोळ, मग ब्रश करत करत ड्रायरच्या कोमट हवेने मुळापर्यंत सुकवायचं.

हे शेवटचं कोकण-मुंबईच्या हवेत फार महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात संध्याकाळी भिजून आलेला पूडल टॉवेलने पुसून सोडून दिला तर मुळाशी ओल दिवसभर राहते, कुबट वास येतो आणि कातडीवर लाल चट्टे उठतात. दाट कुरळ्यांत गोचीड लपायलाही भरपूर जागा असते, त्यामुळे बोटांनी चाचपत पंजांच्या बेचक्या आणि कानांच्या कडा रोज पाहाव्या लागतात. उन्हाळ्यात मात्र लोक उलट्या टोकाला जातात आणि कुत्र्याचा चक्क गोटा करून टाकतात. उघड्या कातडीला ऊन भाजतं. आखूड, पण कातडी झाकेल एवढे केस राहू द्यावेत.

कानांची वेगळी गोष्ट. पूडलच्या कानाच्या नळीतही केस उगवतात आणि वरून कान झाकलेला, त्यामुळे आत हवा खेळत नाही. पूर्वी हे केस सरसकट उपटत असत. निरोगी कानातले केस उपटल्याने उलट सूज येऊ शकते, असं आता बरेच पशुवैद्य सांगतात. आपल्या डॉक्टरांचं ऐकावं, आणि पोहून किंवा न्हाऊन आल्यावर कान कोरडे करावेत. पांढऱ्या टॉय पूडलच्या डोळ्यांखाली येणारे तांबूस डाग अश्रूंचे असतात. रोज ओल्या कापसाने पुसले तर आटोक्यात राहतात.

नव्या मालकाची खरी परीक्षा पिल्लू साधारण नऊ महिन्यांचं झाल्यावर सुरू होते. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे राठ कुरळे येतात, आणि या काही महिन्यांत सकाळी विंचरलेला कुत्रा रात्री गुंतलेला असतो. पुष्कळ जण याच टप्प्यावर हात टेकतात. शहाणपण यात की या काळात केस आखूड ठेवावेत, पण विंचरून घ्यायची सवय पिल्लाला पहिल्या आठवड्यापासून लावावी, केस नसले तरी.

स्वभावाबद्दल एकच सांगायचं तर : पूडलला कंटाळा येऊ देऊ नका. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात आज्ञापालनाच्या बुद्धीनुसार जाती लावल्या, त्यात बॉर्डर कोलीनंतर दुसरा क्रमांक पूडलचा. नवी आज्ञा पाच वेळांच्या आत शिकणाऱ्यांच्या गटातला हा कुत्रा. पण जो चांगलं लवकर शिकतो तो वाईटही लवकर शिकतो. भुंकलं की खाऊ मिळतो, हे त्याला एका दुपारीत समजतं. चप्पल पळवली की सगळं घर मागे धावतं, हेही. सर्कसवाल्यांनी पूडल उगाच निवडले नव्हते.

ही बुद्धी माणसाकडे डोळे लावून बसलेली असते. आवाज चढला, घरात भांडण झालं की तो कोपऱ्यात जाऊन बसतो. दिवसभर एकटा ठेवला तर दाराशी रडतो, पंजे चाटून चाटून लाल करतो. मारून शिकवायचा प्रयत्न केला तर काहीच शिकत नाही, फक्त घाबरट होतो. टॉय पूडल चावरे असतात हे म्हणणं अर्धवट खरं आहे. तीन किलोंच्या कुत्र्याला कुणी जमिनीवर चालूच देत नाही, कुणी काही शिकवत नाही, तो गुरगुरला की सगळे हसतात. मग तो चावायला शिकतो. स्टँडर्डचं कुणी असं करत नाही, म्हणून स्टँडर्ड सभ्य. एकंदरीत अनोळखी माणसाशी पूडल थोडा राखून वागतो, मारामारीच्या फंदात पडत नाही आणि घरातल्यांशी मात्र अतोनात खेळकर असतो.

जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवर यांनी आयुष्यभर एकामागून एक पूडल पाळले आणि प्रत्येकाचं नाव ठेवलं 'आत्मा'. उपनिषदांचं लॅटिन भाषांतर त्यांच्या उशाशी असे, शब्द तिथलाच. माणसांबद्दल फारसं बरं न बोलणारा हा गृहस्थ पूडलवर रागावला की त्याला 'माणूस' म्हणून हिणवत असे, अशी आख्यायिका आहे. कंटाळा न येणाऱ्या सोबतीचं महत्त्व त्यांना समजलं होतं.

पूडलच्या अंगात किती दम आहे हेही एकाने पाहून घेतलं. अलास्कातले जॉन सूटर १९८८ ते १९९१ या वर्षांत इडिटरॉड या सुमारे १६०० किलोमीटरच्या बर्फावरच्या शर्यतीत स्टँडर्ड पूडल जुंपलेली स्लेज घेऊन उतरले. कुत्रे धावले, ताकद कमी पडली नाही. घात केला केसांनीच : गुंतलेल्या केसांत बर्फ धरला, पंजे गोठले आणि काही कुत्र्यांना मधल्या ठाण्यांवर ठेवावं लागलं. नंतर आयोजकांनी उत्तरेकडच्या थंडीला सरावलेल्या जातींपुरतीच शर्यत मर्यादित केली.

आरोग्यात पूडल तसा दणकट. बारा ते पंधरा वर्षं सहज काढतो. स्टँडर्डमध्ये अॅडिसन्स हा ग्रंथींचा आजार, केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींची सूज आणि पोट फुगून जठराला पीळ बसणं यांवर लक्ष ठेवावं लागतं. पोट टम्म फुगलं आहे आणि उलटीचा प्रयत्न करूनही काही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. लहान पूडलमध्ये गुडघ्याची वाटी सरकणं, दात लवकर खराब होणं आणि हळूहळू दृष्टी घालवणारा डोळ्यांचा आनुवंशिक विकार दिसतो. या शेवटच्याच्या एका प्रकारासाठी डीएनए तपासणी आहे. पिल्लाच्या आईबापांची झाली आहे का, हे बेलाशक विचारावं. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. विक्रेता हे प्रश्न टाळत असेल तर तिथून उठावं.

आणि पैसे देण्यापूर्वी एक काम करा. जवळच्या ग्रूमरकडे परवानगी काढून एखादा तास बसा आणि जटा झालेला पूडल टेबलावर आला की काय होतं ते शेवटपर्यंत पाहा. त्यानंतरही रोजची पंधरा मिनिटं कंगव्याला, तेवढीच काहीतरी नवं शिकवायला आणि दर महिना-दीड महिन्याला ग्रूमरचं बिल द्यायची तयारी असेल, तर पूडलसारखा सोबती नाही. नसेल, तर इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा पाळा. त्याला आठवड्यातून एकदा ब्रश पुरतो.